रानात अडकल्यावर मासे धरताना या चुका टाळा

दाजीपूर किंवा गगनबावड्याच्या रानात वाट चुकली, ओढा फुगला आणि पलीकडं जाता येईना, की दुसऱ्या दिवशी पोट बोलायला लागतं. डोहात मासे दिसत असतात. माणूस पँट वर करून पाण्यात उतरतो आणि पहिली चूक तिथंच करतो.

हातानं किंवा टोकदार काठीनं मासा मारणं सरावाच्या माणसाचं काम. पाण्यात मासा दिसतो त्यापेक्षा खाली असतो, त्यामुळं नेम चुकतो. अर्धा तास थंड पाण्यात उभं राहिलं की अंगातली ऊब जाते, आणि पावसात ती परत मिळवणं अवघड. अन्नावाचून माणूस काही आठवडे तग धरतो, ओल्या कपड्यांत कुडकुडत मात्र एक रात्रही जिवावर बेतू शकते. म्हणून आधी आडोसा, जाळ आणि उकळलेलं पाणी. रेंज मिळाली तर ११२ लावा. मासे त्यानंतर, आणि तेही स्वतः न दमता.

पिशवीत प्लास्टिकची बाटली असतेच. तिचा वरचा निमुळता भाग कापा, उलटा करून आत बसवा आणि दोऱ्यानं बांधा. लोक दोन गोष्टी विसरतात. बाटलीला बारीक भोकं पाडली नाहीत तर आत हवा राहते आणि ती तरंगते. दगड घातला नाही तर धारेत वाहून जाते. तोंड धारेच्या खालच्या बाजूला ठेवा, कारण मासा धारेवर चढत येतो. आमिषाला भाकरीचा तुकडा पुरतो. सापडतील ते बोटाएवढेच मासे, पण तुम्ही जाळाशेजारी पडून असताना सापडतील.

गळ नसेल तर करवंदीचा इंचभर काटा किंवा चिवारीची, म्हणजे बारीक बांबूची, काडी दोन्हीकडं टोकदार करा, मधोमध खाच पाडून दोरा बांधा. काडी दोऱ्याला समांतर धरून गांडुळात लपवायची. इथं हिसका मारायची घाई नडते. पंचगंगेवर गळ टाकत वाढल्यामुळं माझाही हात पहिल्या धक्क्याला वर जायचा, आणि काडी सरळच बाहेर यायची. माशानं ती गिळू द्या. मग दोरा हळू ताणला की काडी आडवी होऊन अडकते. असे चार-पाच दोरे दिवस मावळताना खडकाआडच्या संथ पाण्यात सोडा, फांदीला बांधा आणि सकाळी बघा.

नदीच्या पात्रात मुक्काम कधीच करू नका. राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात आणि भोगावती बघता बघता चढते.

मासे मारायला गेळ्याची विषारी फळं ठेचून डोहात टाकण्याचा जुना प्रकारही नको. त्यानं सगळा डोह मरतो, अन् पिण्याचं पाणीही जातं. सरावही अभयारण्यात करू नका, तिथं मासेमारीला बंदी आहे. गावच्या ओढ्यावर करा.

शिंगटा मासा धरताना पाठीवरचा आणि कल्ल्यांजवळचा काटा सांभाळा, तो लागला तर हात ठणकतो. वामेच्या पाठीवरही काटे असतात.

आणि भूक कितीही असो, कच्चं खाऊ नका. अर्धकच्च्या खेकड्यातून फुप्फुसात कृमी जातात. मणिपुरात असे रुग्ण सापडले आहेत. मांस काट्यापासून सुटेपर्यंत मासा निखाऱ्यावर भाजा. आतडी झोपायच्या जागेपासून लांब पुरा, या रानात अस्वलं आहेत.