विदेशी पक्षी-प्राणी घरी आणण्यापूर्वी कायद्याची पूर्तता कशी करावी

मराठवाड्यात पोपटाचा पिंजरा पूर्वी वाड्याच्या ओसरीवर टांगलेला असे. आता त्याच घरांत मकाव, सन कोन्युअर आणि आफ्रिकन ग्रे यांची चौकशी होते, आणि मोबाइलवर आलेले छायाचित्र पाहून हजारो रुपये आगाऊ पाठवले जातात. कायद्याचा प्रश्न पक्षी घरात रुळल्यावर, बहुतेकदा शेजाऱ्याने विचारल्यावर, पुढे येतो. ही चौकशी पैसे देण्याच्या आधी व्हावी, एवढ्यासाठी ही माहिती पायरीपायरीने देत आहे.

सर्वप्रथम प्राणी देशी आहे की विदेशी, हे ठरवावे, कारण दोन्हींसाठी कायद्याची वाट पूर्णपणे वेगळी आहे. आपल्या शेतात कणसांवर बसणारा हिरवा पोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 2 मध्ये आहे आणि तारांकित कासव अनुसूची 1 मध्ये. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे आणि घरी ठेवणे हे सर्व गुन्हे आहेत, आणि कोणतीही ऑनलाइन नोंदणी करून हा ताबा कायदेशीर होत नाही. ‘आमच्याकडे आजोबांपासून पोपट आहे’ हे उत्तर मी अनेक घरांत ऐकले आहे, परंतु कायद्यात या परंपरेला जागा नाही. भरभराटीसाठी घरात जिवंत कासव ठेवावे, असा सल्ला देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. दुतोंड्या म्हणून लाखोंच्या भावाने ज्याचा सौदा होतो, ते मांडूळही संरक्षित सापच आहे, त्यामुळे असा सौदा सुचवणाऱ्यापासून दूरच राहावे.

प्राणी विदेशी असल्यास त्याचे नेमके नाव शोधावे. इथे आपल्याकडे एक मोठा घोळ आहे. आठवडी बाजारात ज्या छोट्या, रंगीबेरंगी, लांब शेपटीच्या पक्ष्यांची जोडी ‘लव्हबर्ड’ म्हणून मिळते, ते बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातील बजरीगर असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतील असून त्यांची शेपटी आखूड असते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत जवळपास सर्व पोपटवर्गीय पक्षी आहेत. त्यांतून बजरीगर, कॉकटील, गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड आणि आपला हिरवा पोपट एवढे चारच वगळले आहेत. यांपैकी शेवटच्याला, वर सांगितल्याप्रमाणे, भारतीय कायद्याचे स्वतंत्र संरक्षण आहे. फिशर किंवा काळ्या मुखवट्याचा लव्हबर्ड मात्र त्याच बाजारात, तशाच पिंजऱ्यात असूनही परिशिष्ट 2 मध्ये येतो. आफ्रिकन ग्रे परिशिष्ट 1 मध्ये आहे, म्हणजे त्याच्यावर सर्वांत कडक बंधने आहेत. बॉल पायथन आणि हिरवा इग्वाना परिशिष्ट 2 मध्ये आहेत. विक्रेत्याकडून म्हणूनच बाजारातले नाव नव्हे, तर शास्त्रीय नाव लिहून घ्यावे.

भारत 1976 पासून या करारात आहे, परंतु देशांतर्गत कायद्यात त्याची तरतूद 2022 च्या दुरुस्तीने आली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. करारातील प्राण्यांची यादी आता अधिनियमाच्या अनुसूची 4 मध्ये आहे.

यानंतर कागदपत्रे पाहावीत. अंबाजोगाईकडच्या एका शिक्षकांनी मला एकदा त्यांच्या पक्ष्याची पावती दाखवली होती. तिच्यावर ‘पक्षी, 1 नग’ एवढेच लिहिलेले होते. विक्रेत्याचा पत्ता, प्रजाती आणि तारीख यांपैकी काहीही नव्हते. त्या माणसाची चूक एवढीच, की त्यांनी विश्वास ठेवला, परंतु अशा कागदाने काहीच सिद्ध होत नाही. पावतीवर प्रजाती, संख्या, तारीख, विक्रेत्याचे पूर्ण नाव आणि पत्ता असावा. दुकान असेल तर 2018 च्या पाळीव प्राणी दुकान नियमांखालील त्याची नोंदणी पाहावी, आणि प्राणी परदेशातून आणलेला असेल तर आयात परवान्याची प्रत मागावी. पक्ष्याच्या पायातली रिंगही हातात घेऊन तपासावी. पिल्लू लहान असताना सरकवलेल्या बंद रिंगला सांधा नसतो. जी रिंग जोडलेली दिसते, ती नंतरही घालता येते, म्हणून पक्षी पिंजऱ्यातच जन्मला, हे तिच्यावरून सिद्ध होत नाही. विक्रेता यांपैकी काही दाखवण्यास तयार नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.

प्राणी अनुसूची 4 मधील असल्यास नोंदणी करावी. 28 फेब्रुवारी 2024 रोजी लागू झालेल्या नियमांनुसार आधीपासून असे प्राणी बाळगणाऱ्यांना 6 महिन्यांची मुदत होती, आणि आता प्राणी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या परिवेश 2.0 या संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे, परंतु अर्ज ऑनलाइन असल्यामुळे हिंगोली किंवा भूममधून कोणाला तिकडे जावे लागत नाही. अर्ज भरण्यास बसण्यापूर्वी ओळखपत्र, पावती, शास्त्रीय नाव, रिंगचा क्रमांक आणि प्राण्याची स्पष्ट छायाचित्रे तयार ठेवावीत. नोंदणी एकदा झाली म्हणजे काम संपले असे नाही. पिल्ले झाल्यास, प्राणी दुसऱ्याला दिल्यास किंवा तो मेल्यास त्याचीही माहिती द्यावी लागते.

मुदत उलटून गेली असेल तर प्राणी लपवून ठेवू नये. जवळच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आपण होऊन लेखी कळवावे, अर्ज करावा आणि दोन्हींची पोच जपून ठेवावी. अधिनियमाच्या उल्लंघनासाठी सर्वसाधारणपणे 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अनुसूची 1 मधील प्राण्याबाबत कैद किमान 3 आणि कमाल 7 वर्षांची, तर दंड किमान 25,000 रुपयांचा आहे.

प्राणी सांभाळणे अशक्य झाले, तर काही लोक त्याला गावच्या तळ्यावर किंवा रानात सोडून देतात. हे कृपया करू नका. अमेरिकेतील लाल कानाचे कासव तळ्यात सुटले की देशी कासवांच्या अन्नावर आणि जागेवर हक्क सांगते, आणि पिंजऱ्यात वाढलेला मकाव मराठवाड्याच्या मे महिन्यात पाणी शोधू शकत नाही. अशा वेळी वन विभागाच्या 1926 या मदत क्रमांकावर फोन करावा, प्रजाती, संख्या आणि पत्ता सांगावा, आणि कर्मचारी येईपर्यंत प्राण्याला सावलीत, पाण्याच्या भांड्यासह ठेवावे.