स्पॅनिश क्रियापदं: आधी तुकडे, मग आघात

स्पॅनिशमध्ये 'आ-ब्लो म्हणजे ‘मी बोलतो’ आणि आ-'ब्लो म्हणजे ‘तो किंवा ती बोलली’. (आघात म्हणजे शब्दाच्या एका तुकड्यावर पडणारा जोर. इथे - ही खूण तुकडे वेगळे करते आणि ' ही खूण आघाताच्या तुकड्याआधी आहे.) अक्षरं तीच, फक्त दुसऱ्या रूपात शेवटच्या ओवर तिरकी रेघ असते. आघात सरकला की काळही बदलला आणि कर्ताही! मराठीत असा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान हा फरक सोडून देतो.

आधी शब्द तोडा. दोन स्वरांमध्ये दोन व्यंजनं आली तर सहसा एक मागे, एक पुढे: 'कान-तो (मी गातो). पण प, ब, क, ग, फ यांना र किंवा ल जोडलेला असेल, किंवा त, द यांना र, तर जोडी फुटत नाही. आपण इथेच चुकतो. ‘पत्र’ आपण पत्-र असं म्हणतो, त्याच सवयीने ‘मी उघडतो’चं आब्-रो होतं. बरोबर आहे 'आ-ब्रो.

स्वरांत आ, ए, ओ बळकट. दोन शेजारी आले तर वेगळे होतात: ले-'एर (वाचणं). इ आणि उ दुबळे, ते बळकट स्वराला चिकटतात: 'काम-ब्यो (मी बदलतो). दुबळ्यावर रेघ असली की तो सुटतो: एन-'बी-ओ (मी पाठवतो). या दोघांची मूळ रूपं काम-'ब्यार आणि एन-'ब्यार एकाच साच्याची आहेत, तेव्हा नवं क्रियापद शिकताना ‘मी’चं रूप शब्दकोशात बघून घ्याच.

आता शेवटून मोजा. शेवटी स्वर, न किंवा स असेल तर आघात उपांत्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. दुसरं व्यंजन असेल तर शेवटच्यावर, म्हणून र-कारान्त मूळ रूपं सगळी शेवटी जोर घेतात. रेघ दिसली की हा हिशेब सोडा, जोर तिथेच.

खरी गंमत धातूत आहे. दोर-'मिर (झोपणं) चं 'द्वेर-मो होतं, पण ‘आम्ही’साठी दोर-'मी-मोस. साध्या वर्तमानकाळात आघात धातूवर आला तरच ओचा वे होतो, तो प्रत्ययावर सरकला की ओ परत येतो. पेन-'सार (विचार करणं) तसंच: 'प्येन-सो, पेन-'सा-मोस. सगळ्याच क्रियापदांत हे होत नाही, पण जिथे होतं तिथे पाठांतर निम्म्यावर येतं.

‘आम्ही बोलत असू’ हे आ-ब्ला-'बा-मोस नव्हे, आ-'ब्ला-बा-मोस. भूतकाळात आ-'ब्ले (मी बोललो) ऐकून 'तू-बे (माझ्याकडे होतं) चाही शेवट उचलला जातो. तिथे जोर पहिल्यावरच, आणि रेघ नाही.

आज्ञेला सर्वनाम चिकटलं तरी आघात हलत नाही. 'दा-मे (मला दे) ला रेघ लागत नाही, 'दा-मे-लो (मला ते दे) ला लागते, कारण जोराचा तोच तुकडा आता शेवटून तिसरा झाला.