काळ्या मातीला वाफसा येऊ द्या : इंदूरच्या अंगणातील भाजीबागेची तयारी

इंदूरच्या राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर अशा वसाहतींत घराच्या मागे किंवा बाजूला दहा-पंधरा फूट रुंदीची मोकळी पट्टी अजूनही बऱ्याच ठिकाणी दिसते. त्या पट्टीत घरची मेथी, पालक, टोमॅटो, गिलकी लावावी असे घरातल्या कोणाला तरी दरवर्षी वाटतेच. उत्साहाने खणले जाते, बियाणे पडते, पहिले आठ दिवस पाणीही वेळेवर मिळते आणि मग माती दगडासारखी आवळली की 'आमच्या जमिनीत काही येत नाही' असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष चुकीचा आहे. माळव्याची काळी माती अत्यंत सुपीक आहे; मात्र तिच्यात काम करण्याची वेळ ती स्वतः ठरवते आणि आपण ती वेळ पाळत नाही, एवढीच अडचण आहे.

या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि सुकले की आकसतात. पावसाळ्यात त्यामुळे मातीची छिद्रे बुजून पाणी वर साचते व मुळांना हवा मिळत नाही, तर वैशाखात तीच जमीन भेगाळते आणि त्या भेगांत सहज हात जातो. या दोन टोकांच्या मध्ये एक अवस्था येते. ओल पुरेशी असते, चिकटपणा गेलेला असतो, कुदळ मारली की माती रव्यासारखी सुटते. आपण तिला वाफसा म्हणतो आणि माळव्यातील शेतकरी तिलाच 'बतर' म्हणतो. भाजीबागेची सगळी तयारी या एका शब्दाभोवती फिरते.

वाफसा ओळखायचा तो हाताने. वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्यावी, ती दाबून लिंबाएवढा गोळा करावा आणि छातीच्या उंचीवरून जमिनीवर सोडावा. गोळा पडताच भुरभुरीत होऊन विखुरला तर वाफसा आलेला आहे. तो चपटा होऊन तसाच चिकटून राहिला तर दोन-चार दिवस थांबावे, आणि मुळात गोळाच होत नसेल तर हलके पाणी देऊन पुन्हा वाट पाहावी. याशिवाय चिमूटभर माती अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चोळून पाहावी. तिची चकचकीत पट्टी निघाली तर त्या दिवशी जमिनीवर पायही ठेवू नये. मी पहिल्या वर्षी आषाढातील मोठ्या पावसानंतर, उघडीप मिळाली म्हणून दुसऱ्याच दिवशी सगळी पट्टी खणून काढली. निघालेली ढेकळे आठवडाभरात भाजलेल्या विटांसारखी झाली, फावड्याच्या पाठीनेही फुटेनात, आणि तो सबंध हंगाम वाया गेला. ओल्या काळ्या मातीवर कुदळ चालवली की तिचे पाते माती कापत नाही, लिंपत जाते, आणि हवा खेळण्याच्या सूक्ष्म वाटा बंद होतात. त्या पुन्हा उघडायला वर्ष-दीड वर्ष लागते.

म्हणून कामाचा आरंभ चैत्र-वैशाखात करावा. प्रथम जागेवर दिवसातून तीन वेळा जाऊन ऊन कोठे आणि किती वेळ पडते ते पाहावे. फळभाज्यांना किमान सहा तास थेट ऊन लागते. चार तासांत पालेभाज्या भागवून घेतात. मोठ्या कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या मुळांच्या टप्प्यात वाफा करू नये, कारण तेथे खतपाणी झाडच ओढून घेते. त्यानंतर जमिनीची सफाई करावी. घरबांधणीच्या वेळी पडलेले सिमेंटचे तुकडे, चुना, विटांचा चुरा आणि भरावाचा मुरूम ही आपल्या वसाहतींतील खरी डोकेदुखी आहे. काळी माती मुळातच काहीशी अल्कधर्मी असते आणि चुना-सिमेंटमुळे तो गुण आणखी वाढतो. मग नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, कारण जमिनीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. हा कचरा दीड फूट खोलीपर्यंत वेचून काढावा. भराव त्याहून जाड असेल तर तो उपसून तेथे शेतातील काळी माती आणून टाकणेच शहाणपणाचे ठरते.

तणांपैकी गाजरगवत फुलण्याआधी मुळासकट उपटावे. हरळी आणि लव्हाळा यांच्यासाठी मात्र चिकाटी हवी. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात आणि एक गाठ उरली तरी तिच्यापासून नवी जाळी तयार होते. तणांचे बी फार असेल तर मे महिन्यात जमीन ओली करून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवावे, कडा मातीत गाडाव्यात आणि चार ते सहा आठवडे तसेच राहू द्यावे. त्या उष्णतेत बी आणि बऱ्याच रोगांचे जंतू मरतात. लव्हाळ्याच्या गाठी तेवढ्याने मरत नाहीत. त्या खणूनच काढाव्या लागतात.

प्लास्टिक घालण्याची गरज नसेल तर जमीन उघडीच तापू द्यावी आणि भेगांचा उपयोग करून घ्यावा. माझ्या अनुभवात हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय आहे. पूर्ण कुजलेले खत चाळून बारीक करावे आणि घमेल्यातून मुठीमुठीने भेगांत सोडावे, वरून दंताळ्याने उरलेले लोटावे. पावसाने भेग मिटली की ते खत फूटभर खाली जाऊन बसते आणि तेथवर आपल्याला कुदळ चालवावी लागत नाही. ज्यांना खणायचेच आहे त्यांनी कोरड्या जमिनीत खणावे. कष्ट फार पडतात. पण कोरडी निघालेली ढेकळे पहिल्या पावसाच्या पाण्याने आपोआप विरतात, ओली खणलेली विरत नाहीत.

याच सुमारास माती तपासून घ्यावी. जागेत पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचा खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती खरवडावी, सगळी एकत्र करून सावलीत वाळवावी आणि त्यातील अर्धा किलो कृषी विभागाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यावी. आपल्याकडच्या मातीत पालाश (पोटॅश) सहसा पुरेसे असते. नत्र, सेंद्रिय कर्ब आणि पुष्कळदा जस्त कमी पडते. कोणी वाळू मिसळण्याचा सल्ला दिला तर तो मानू नये. थोड्या वाळूने चिकणमाती मोकळी होत नाही, कारण तिचे सूक्ष्म कण वाळूच्या फटींत जाऊन बसतात आणि मिश्रण आणखी घट्ट होते. चुना टाकण्याचे तर काहीच कारण नाही, आणि चुलीची राखही चिमटीनेच वापरावी.

या मातीला लागते ते सेंद्रिय खत, आणि ते करण्याची जगभर गाजलेली रीत इंदूरच्याच नावाने ओळखली जाते, याचा येथील बागकाम करणाऱ्याला अभिमान वाटला पाहिजे. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात होळकर संस्थानाने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवरील संशोधन संस्थेत शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांपासून खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली तेव्हा त्यांच्या सोबत सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव होते. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे.

घरच्या मापात ती पद्धत अशी करता येते. ढीग लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही बाजूंनी किमान १ मीटर असावा, कारण त्याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही. तळाशी तुराट्यांसारख्या जाड काड्या आडव्या-उभ्या टाकाव्यात म्हणजे खालून हवा जाते. त्यावर वाळलेल्या पाल्याचा वीतभर थर, त्यावर स्वयंपाकघरातील भाजीची देठे, साली आणि ओले गवत यांचा चार बोटे थर, मग शेणाचा पातळ काला शिंपडून वरून मूठभर बागेची माती आणि किंचित राख भुरभुरावी, आणि हीच पाळी ढीग पुरा होईपर्यंत पुन्हा पुन्हा करावी. ओल इतकीच ठेवावी की मुठीत दाबल्यावर बोटांच्या फटीत पाणी दिसेल पण गळणार नाही. तीन-चार दिवसांनी लोखंडी सळई ढिगात खुपसून पाच मिनिटांनी बाहेर काढावी. ती हातात धरवत नसेल तर ढीग नीट पेटला आहे. कोमट लागली तर ओल किंवा शेण कमी आहे, आणि आंबूस वास आला तर हवा कमी आहे. पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी अशी तीन वेळा उलथापालथ करावी, बाहेरचे आत आणि आतले बाहेर घालावे. तीन महिन्यांत काळेभोर, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येणारे खत तयार होते. मूळ पद्धतीत खड्डे होते. काळ्या मातीतील खड्डा पावसाळ्यात पाण्याने भरतो, म्हणून त्या चार महिन्यांत ढीग जमिनीच्या वरच करून झाकावा.

विकतचे शेणखत आणायचे असेल तर ते हातात घेऊन पाहिल्याशिवाय उतरवून घेऊ नये. मला एकदा अर्धे कच्चे खत मिळाले आणि त्यातून अर्धचंद्रासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या पांढऱ्या हुमणीच्या अळ्या वाफ्यात आल्या. वांग्याची रोपे मुळाशी कुरतडून आडवी झाली तेव्हा कारण समजले. हाताला गरम लागणारे, शेणाचा वास येणारे किंवा काडी ओळखू येणारे खत आणखी दोन महिने बाजूला ठेवावे.

वाफे गादीचे करावेत. इंदुरात वर्षाला साधारण ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. सपाट वाफ्यात भेंडी-गवारीची मुळे तेवढ्यात गुदमरतात. दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोचेल अशी साडेतीन ते चार फूट रुंदी, आठ-दहा इंच उंची आणि मधे दीड फुटाची वाट ठेवावी. वाटेतली वरची माती वाफ्यावर ओढली की उंची आपोआप मिळते आणि वाटेला पाणी वाहून नेणाऱ्या चरीचे रूप येते. तिचा उतार मोकळ्या बाजूकडे असावा. वाटेत वाळलेला पाला घालावा. एकदा वाफा बांधला की त्यावर पाय पडू देऊ नये, मुलांचाही नाही. पहिल्या वर्षी दर चौरस मीटरला ४ ते ५ किलो खत वरच्या सहा इंचांत मिसळावे, पुढे २ ते ३ किलो पुरते. गिलकी, दोडका, कारले यांचा मांडव उत्तर टोकाला घालावा, म्हणजे इतर वाफ्यांवर सावली पडत नाही.

पहिल्याच पावसाळ्यात सगळी जागा भाजीखाली आणण्याचा मोह आवरावा, असे मला मनापासून सांगावेसे वाटते. अर्ध्या जागेत भाजी घ्यावी आणि अर्ध्या जागेत हिरवळीच्या खतासाठी ताग पेरावा. १० चौरस मीटरला ५० ते ६० ग्रॅम बी पुरते. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, फूल येण्याच्या आत, म्हणजे साधारण श्रावणाच्या मध्यापासून गणपतीपर्यंत, तो कापून बारीक तुकडे करावेत आणि वाफसा साधून मातीत गाडावेत. वाफसा मिळत नसेल तर वरच पसरून ठेवावेत, ओल्यात गाडण्याचा हट्ट धरू नये. तीन आठवड्यांत ते कुजतात आणि नवरात्राच्या सुमारास कोबी, फुलकोबी, टोमॅटो यांची रोपे लावण्यास जमीन तयार मिळते. पुढच्या वर्षी दोन अर्ध्यांची अदलाबदल करावी. वांगी, टोमॅटो, मिरची ही एकाच कुळातली असल्याने एकामागून एक त्याच वाफ्यात लावू नयेत. मधे वाटाणा किंवा चवळी घ्यावी.

हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा ओळीत पेरावा. गाजरासाठी वरंबा खास भुसभुशीत करावा, अन्यथा गाजराला दोन-तीन फाटे फुटतात. पाणी सकाळी द्यावे आणि तेही बोट दोन पेरे आत घालून कोरडे लागले तरच. काळी माती वरून सुकलेली दिसली तरी आत ओल धरून असते, आणि रोजच्या पाण्याने वाफसा कधी येतच नाही. रोपांच्या बुंध्यापासून दोन बोटे जागा सोडून पाल्याचे आच्छादन घालावे. होळीनंतर ते जाड करावे, उन्हाळ्यात काढू नये. वैशाख लागला की प्रत्येक वाफ्यावरचा पाला थोडा बाजूला करून भेगा पाहाव्यात; ज्या वाफ्यात अजूनही बोट आत जाईल अशी भेग पडली असेल त्याला त्या वर्षी चाळलेले खत सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त द्यावे.