वनस्पतींतलं आरएनए-संपादन: नव्याने येणाऱ्यांसाठी

एमएस्सीनंतर मुलं विचारतात, ‘वनस्पतींत आरएनए बदलणाऱ्या एन्झाइमांच्या उत्क्रांतीवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?’ विषयाचा पसारा मोठा आहे, तेव्हा आधी एकच बदल धरा. मी सी-चा यू करणारं संपादन धरलं आणि त्यातच रमले.

सी आणि यू ही आरएनएची अक्षरं. जनुकात सी आहे, पण त्यावरून बनलेल्या आरएनएत त्या जागी यू येतो. मायटोकाँड्रियात हे १९८९ साली कळलं, क्लोरोप्लास्टमध्ये १९९१ साली. हे काम पीपीआर प्रथिनांचं. त्यांत सुमारे ३५ अमिनो आम्लांचे तुकडे एकापुढे एक असतात आणि साधारणपणे एक तुकडा आरएनएचं एक अक्षर ओळखतो. टोकाचा डीवायडब्ल्यू भाग सी-चा यू करतो. ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या छोट्या रोपट्यात पीपीआर प्रथिनं साडेचारशेच्या घरात, माणसात जेमतेम सात.

पेपरांचा ढीग वाचण्याआधी एक प्रयोग स्वतःच्या हाताने करा. ॲराबिडॉप्सिसच्या क्लोरोप्लास्टमधलं एनडीएच-डी जनुक घ्या. डीएनएत त्याची सुरुवात एसीजी अशी आहे, संपादनानंतर एयूजी, म्हणजे प्रथिन सुरू करण्याची खूण, होते. पानातून डीएनए आणि आरएनए काढा, आरएनएपासून सीडीएनए (त्याची डीएनए-प्रत) बनवा आणि दोन्हींतला तो तुकडा पीसीआरने वाढवून सँगर पद्धतीने क्रम वाचायला पाठवा. डीएनएच्या आलेखात त्या जागी नुसतं निळं शिखर, म्हणजे सी, दिसेल. सीडीएनएत त्याच जागी लाल शिखर (टी, म्हणजे आरएनएतला यू) येईल, सोबत निळंही उरेल, कारण संपादन सगळ्या प्रतींत पूर्ण होत नाही. मात्र या जनुकात इंट्रॉन (आरएनएतून कापला जाणारा भाग) नाही, त्यामुळे आरएनएत डीएनए राहिला तर पीसीआरच्या पट्टीवरून तो ओळखता येत नाही. डीएनए तोडणारं डीएनेज चुकवू नका आणि सीडीएनए बनवणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली नळी प्रत्येक वेळी ठेवाच. त्या नळीत पट्टी आली, तर डीएनए उरलाय, आणि सीडीएनएतलं निळं शिखर कशाचं हे सांगता येणार नाही.

उत्क्रांतीचा खरा गाभा तुलनेत आहे. फिस्कोमिट्रियम या शेवाळात (मॉसमध्ये) संपादनाच्या जागा फक्त १३, ॲराबिडॉप्सिसच्या मायटोकाँड्रियात चारशेहून जास्त, सेलाजिनेला या नेच्यांसारख्या बिनफुलांच्या वनस्पतीत हजारो. मार्कँशिया या लिव्हरवर्टमध्ये एकही नाही, आणि तिच्या पूर्वजांत संपादन होतं असंच मानलं जातं. कोव्हेलो आणि ग्रे या शास्त्रज्ञांनी १९९३ साली मांडलेला विचार मला आजही सर्वांत पटतो: एन्झाइम आधी आलं, त्याच्या आधारावर जनुकातल्या चुका टिकल्या आणि मग एन्झाइम सोडणं झाडाला परवडेना. म्हणून पहिला प्रकल्प शेवाळावर घ्या. जागा मोजक्या असल्या की कोणतं प्रथिन कुठे काम करतं हे लावता येतं. वंशवृक्ष काढताना संपूर्ण पीपीआर जुळवू नका. तुकड्यांची संख्या प्रथिनागणिक बदलते, जुळणी विस्कटते. फक्त डीवायडब्ल्यू भाग घ्या.

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला पाहिलेला अँथोसेरॉस (हॉर्नवर्ट) आठवतोय? त्याच्यात उलटं संपादनही होतं, यू-चा सी. त्याच्या क्लोरोप्लास्टच्या डीएनएत जनुकाच्या मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन थांबवण्याची खूण) दिसतो आणि आरएनएत तो दुरुस्त होतो. म्हणून सॉफ्टवेअरने जनुक निकामी ठरवलं, तरी सीडीएनए पाहिल्याशिवाय ते यादीतून काढू नका.