मोकळ्या कडेवरचा इंटरलॅमिनार शिअर: एफईए मॉडेल कसं बांधायचं

इंटरलॅमिनार शिअर म्हणजे लॅमिनेटच्या (एकमेकांवर चिकटवलेल्या फायबर-थरांच्या) दोन थरांना एकमेकांवरून सरकवू पाहणारा स्ट्रेस; तो एफईएने (फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिसने) काढायचा आहे. शेल एलिमेंट, म्हणजे जाडी न रेखता पृष्ठभागासारखे धरलेले एलिमेंट, लॅमिनेटच्या मधल्या भागात चालतात. कडेपासून साधारण लॅमिनेटच्या जाडीएवढ्या पट्ट्यात मात्र स्ट्रेस त्रिमितीय असतो, आणि डिलॅमिनेशन (थर सुटणं) बहुधा तिथूनच सुरू होतं. तिथे सॉलिड एलिमेंटच हवेत.

सरावाला पाइप्स आणि पेगॅनो यांनी १९७० साली सोडवलेलं ±४५ चं चार थरांचं सिमेट्रिक लॅमिनेट घ्या (थरांतले फायबर ओढण्याच्या दिशेशी क्रमाने +४५, −४५, −४५, +४५ अंशांवर). थराचा ताठरपणा: फायबरच्या दिशेने (१) ई-१ १३७.९, फायबरला आडव्या दिशांनी (२ थरातच, ३ जाडीत) ई-२ आणि ई-३ १४.४८, तिन्ही शिअर मोड्युलस ५.८६ गिगापास्कल, पॉयसन गुणोत्तरं ०.२१. थर ०.१२५ मिमी जाड, रुंदी २ मिमी. एक्स ही ओढण्याची दिशा, वाय रुंदीची, झेड जाडीची.

झेडमध्ये अर्धी जाडी पुरते. मध्यपातळीवर झेड-विस्थापन शून्य. रुंदी मात्र पूर्ण घ्या. एक्स किंवा वायला आरशाची सिमेट्री लावलीत की +४५ चा थर आरशात −४५ होतो आणि उत्तर निमूटपणे चुकतं. सॉफ्टवेअर काही बोलत नाही. त्याऐवजी एक्समध्ये एकाच एलिमेंटची पातळ चकती घ्या. दोन्ही तोंडांवरचे नोड समोरासमोर ठेवा आणि त्यांच्यात समीकरणं लिहा: वाय आणि झेड विस्थापनं सारखी, एक्समधला फरक स्ट्रेन गुणिले चकतीची लांबी. शिवाय एका नोडचं एक्स-वाय विस्थापन बांधा, नाहीतर मॉडेल मोकळं सरकेल.

वीस नोडचे ब्रिक (विटेच्या आकाराचे सॉलिड एलिमेंट) वापरा: प्रत्येक थराच्या जाडीत किमान चार, इंटरफेसकडे (दोन थरांच्या सीमेकडे) दाट; कडेचा पहिला एलिमेंट थराच्या जाडीच्या विसाव्या भागाएवढा.

सगळ्यात जास्त गोंधळ आउटपुटमध्ये होतो. अबॅकस हे एफईए सॉफ्टवेअर ओरिएंटेशन दिलेल्या थराचे स्ट्रेस फायबरच्या अक्षांत देतं, म्हणून इंटरफेसच्या वरखाली आकडे जुळत नाहीत. आधी ग्लोबल अक्षांत फिरवा: एक्सझेड शिअर = कोसाइन थीटा × तेरा-शिअर − साइन थीटा × तेवीस-शिअर (थीटा हा फायबरचा एक्सशी कोन; तेरा आणि तेवीस म्हणजे १-३ आणि २-३ अक्षांतले शिअर). आता दोन्ही बाजू जवळपास जुळायला हव्यात. फरक मोठा असेल तर मेश अपुरा आहे.

कडेवरचा सर्वोच्च आकडा रिपोर्टमध्ये लिहू नका. तिथे सिंग्युलॅरिटी आहे (गणिताने स्ट्रेस अनंताकडे जातो), मेश बारीक कराल तसा तो वाढतच जाईल. विश्वास आलेखाखालच्या क्षेत्रफळावर ठेवा: रुंदीच्या मध्यापासून कडेपर्यंत एक्सझेड शिअरचं इंटिग्रल हे थराची जाडी गुणिले लॅमिनेट थिअरीतला (कडेचा परिणाम न धरणाऱ्या हिशेबातला) थराचा एक्सवाय शिअर, एवढंच येतं. ०.१ टक्के स्ट्रेनला तो शिअर ७.९६ मेगापास्कल, म्हणजे इंटिग्रल जवळपास १ न्यूटन प्रति मिमी. हे जुळलं तर एका थराच्या जाडीएवढ्या अंतरावरची सरासरी काढून इंटरलॅमिनार स्ट्रेंग्थशी ताडून बघा. तडा आधीच पडलेला असेल तर ही सरासरीही कामाची नाही. व्हीसीसीटी (तडा पुढे सरकायला मिळणारी ऊर्जा काढणारी पद्धत) किंवा कोहेसिव्ह एलिमेंट (थरांमधला जोड तुटताना दाखवणारे) लागतील.