जुनं मॉडेल इंजिन मधेच बंद पडतंय? उघडायच्या आधी या चुका टाळा

सांगलीत पावसाळा लागला की माझ्याकडं मॉडेल रेल्वेची, म्हणजे घरात रुळावर विजेवर पळणाऱ्या छोट्या गाड्यांची, इंजिनं यायला सुरुवात होते. हवेत ओल असते, रूळ काळे पडतात आणि कुणीतरी पिशवीतनं इंजिन काढून म्हणतं, काका मोटर गेली बहुतेक. बघावं तर स्क्रूची डोकी आधीच झिजवलेली असतात. जीव तुटतो हो अशानं, कारण या ३०-४० वर्षांच्या इंजिनांचे पार्ट आता सहज मिळत नाहीत आणि मोटर बहुतेक वेळा धडधाकट असते.

सगळ्यात मोठी चूक हीच, गाडी थांबली की पहिला हात स्क्रू-ड्रायव्हरला. विश्रामबागेतल्या एका मुलाचं उदाहरण सांगतो. हॉलमध्ये प्लायवूडवर त्यानं एचओचा, म्हणजे दोन रुळांत १६.५ मिमी अंतर असलेल्या मापाचा, मोठा गोल टाकला होता. कंट्रोलरजवळ, म्हणजे रुळाला करंट देणाऱ्या डब्याजवळ, इंजिन झकास पळायचं, पलीकडच्या टोकाला गेलं की रेंगाळायचं आणि थांबायचं. त्यानं तीन वेळा इंजिन उघडलं, मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बन ब्रश बदलले, आणि तिसऱ्या वेळेला ब्रशची स्प्रिंग उडाली ती आजतागायत सापडलेली नाही. मला म्हणाला, काका रुळाला दोन्हीकडं १२ व्होल्ट येतायत, मी मीटर लावून बघितलंय. बरोबर होतं त्याचं, पण ते रिकाम्या रुळावरचं माप. मी दुसरं एक इंजिन त्या पलीकडच्या टोकाला ठेवलं, हातानं हलकंच धरून मोटरवर लोड आणला आणि तेव्हा मीटर बघायला लावला, तर ७ च्या आसपास. जुनी मोटर अर्धा अँपिअर सहज ओढते, आणि रुळाचे जॉइनर, म्हणजे रुळाचे दोन तुकडे जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या, सैल नाहीतर काळे पडले असतील तर प्रत्येक जोडावर थोडं थोडं व्होल्टेज खाल्लं जातं. बारीक पकडीनं जॉइनर दाबले, पलीकडच्या टोकाला कंट्रोलरपासनं वेगळ्या दोन वायरी नेऊन सोल्डर केल्या, अर्ध्या तासात काम झालं. त्याच्या इंजिनाला काहीच झालं नव्हतं, पण त्या स्प्रिंगपायी ते महिनाभर कपाटात पडून राहिलं.

म्हणून माझी सवय एकच आहे, करंट जिथनं निघतो तिथनं मागोमाग जायचं. कंट्रोलर, वायर, रूळ, जॉइनर, चाक, चाकावरची करंट घेणारी पत्ती, मग मोटर. मोटर शेवटी! घाई असेल तर ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्या, दोन वायरी लावा आणि इंजिन उलटं धरून चाकांना टेकवा. फिरलं तर आधी रुळाचा कसून तपास करायचा, स्क्रूला हात लावायचा नाही.

फक्त इथं एक खोच आहे. बऱ्याच जुन्या डिझेल इंजिनांच्या मॉडेलांत एक बोगी, म्हणजे इंजिनाखालचा चाकांचा एक संच, एका रुळाकडनं करंट घेते आणि दुसरी बोगी दुसऱ्या रुळाकडनं. दोन्ही वायरी एकाच बोगीला लावल्या की काहीच फिरत नाही, आणि नवीन पोरं तिथंच मोटर मेली म्हणून मोकळी होतात. आणि रबर टायर घातलेलं चाक करंट घेतच नाही, ते फक्त पकडीसाठी असतं. चाकं गरगर फिरतायत पण गाडी जागची हलत नाही असं असेल तर तो टायर कडक झालाय, करंटचा काही संबंध नाही.

सँडपेपर. नका वापरू, रुळालाही नको आणि चाकालाही नको. बारीक ओरखडे पडतात, त्यात मळ दुप्पट बसतो. मेडिकलमधनं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, जुन्या बनियनच्या तुकड्यावर घेऊन रूळ पुसा, चाकं इअरबडनं. करंट बंद ठेवून बरं का, ते पेट घेतं. पितळी रूळ असतील तर पावसाळ्यात हे दर आठवड्याला, आमच्याकडं तरी त्याला इलाज नाही.

आता तेल. याचा मला मनापासून राग येतो. इंजिन कुरकुरलं की घरातला गंज काढायचा स्प्रे मारायचा, दोन मिनिटं ते छान पळतं आणि सगळ्यांना वाटतं जमलं. ते तेल गिअरमधनं कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या गोल भागावर, जातं, तिथं ब्रशच्या कार्बनची पूड असते, दोन्ही मिळून काळा चिखल होतो आणि कम्युटेटरच्या तीन पत्त्यांमधल्या फटीत भरतो. मग करंट मोटरमध्ये जायच्या ऐवजी पत्तीवरनं पत्तीवर जातो, ताकद कमी होते, मोटर तापते. मागच्या वर्षी मिरजेहून एक इंजिन आलं होतं, आतनं अक्षरशः तेल ठिबकत होतं. दोन संध्याकाळी गेल्या. अल्कोहोलनं सगळं धुतलं, फटी दात कोरायच्या लाकडी काडीनं एकेक साफ केल्या (सुई नको, तांबं ओरबाडतं), ब्रश टिश्यूवर ठेवून तेल शोषून घेतलं तरी एक बदलावाच लागला. तेल द्यायचं ते सुईच्या टोकावर एक थेंब, तेही आसाच्या बेअरिंगला, बास.

२०१९ च्या पुरात ज्यांची इंजिनं भिजली त्यांच्यातल्या काहींनी ती उन्हात तापत ठेवली आणि संध्याकाळी करंट दिला. प्लास्टिकची बॉडी वाकली ती वेगळीच. नदीचा गाळ आधी स्वच्छ पाण्यानं काढायचा, मग अल्कोहोल, मग पंख्याखाली चार दिवस. तोवर करंट नाही.

मोटरच्या दोन टोकांना जोडलेला छोटा कपॅसिटर कधीकधी शॉर्ट होतो. तो टीव्हीत खरखर येऊ नये म्हणून असतो, एक पाय सुटा करून बघितला की कळतं.

आणि जुनी उघड्या सांगाड्याची मोटर असेल, जिचा लोहचुंबक बाहेरनं दिसतो, तर आर्मेचर, म्हणजे तारा गुंडाळलेला फिरणारा भाग, उगाच बाहेर काढू नका. जुन्या चुंबकांची ताकद आर्मेचर काढल्यावर कमी होते, आणि परत बसवलं तरी ती येत नाही. मग मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि गाडी चढावर दमते. काढायचंच असेल तर आर्मेचर सरकवताना दुसऱ्या बाजूनं लोखंडाचा तुकडा चुंबकाच्या दोन टोकांमध्ये सरकवत न्यायचा, मध्ये मोकळी जागा राहू द्यायची नाही. मी यासाठी एक जुना बोल्ट घासून डब्यात ठेवलाय, ज्याला लागेल त्यानं घेऊन जावा.