स्पोर्ट बाईकचे एव्हरेज कसे वाढवावे: गोव्याच्या रस्त्यांवर चालवणाऱ्यांसाठी

स्पोर्ट बाईक घेतली की एव्हरेजचा विषय काढायचा नाही, असा एक समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. तो सोडून द्या. आर15, जिक्सर एसएफ, आरसी200, पल्सर आरएस200 या गाड्यांची इंजिने 150 ते 200 सीसीची, फ्युएल इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी, आहेत. वारा बाजूने निघून जावा म्हणून पुढे फेअरिंग, म्हणजे प्लास्टिकचे आवरण, आहे, बहुतेकींना वरती सहावा गिअर आहे. म्हणजे पेट्रोल वाचवायची बरीचशी सोय कंपनीनेच करून दिलेली असते. ती वापरायची कशी, एवढेच शिकायचे आहे. त्यासाठी कसलाही जोडभाग विकत घ्यावा लागत नाही. लागतो तो हवेचा एक गेज, चेनसाठी ब्रश आणि ल्युब, आणि बाकी सगळे आपल्या हातात.

आधी मोजा

"पूर्वी पंचेचाळीस द्यायची, आता देत नाही" या अंदाजावर काही ठरवू नका. टाकी भरा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाले की थांबा आणि ट्रिप मीटर शून्यावर आणा. टाकी अर्ध्याखाली आली की पुन्हा तशीच भरा. जितके लिटर बसले, त्याने झालेल्या किलोमीटरला भागा. 315 किलोमीटर झाले आणि 7.5 लिटर बसले, तर 42. भरताना गाडी साइड स्टँडवर कलती ठेवू नका. सरळ धरा, नाहीतर दर वेळी टाकी वेगळीच भरते. शक्यतो पंपही तोच ठेवा. लागोपाठ तीन टाक्यांची सरासरी काढली की आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. डिस्प्लेवरचा एव्हरेजचा आकडा इंजेक्टरच्या हिशोबाने निघतो. कालच्यापेक्षा आज बरे की वाईट हे त्यावरून कळते, पण खरा आकडा टाकीचाच.

अपेक्षाही नीट ठेवायला हवी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते आणि एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनवून 10 टक्क्यांसाठी जुळवलेल्या दुचाकींचे एव्हरेज या पेट्रोलवर 3 ते 4 टक्क्यांनी घटेल, असे नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात म्हटले आहे. म्हणून 2016 च्या गाडीकडून 2016 चाच आकडा मागू नका. पण घट 15 टक्क्यांची असेल तर दोष इथेनॉलच्या माथी मारून मोकळे होऊ नका. तेवढी घट गाडीतून किंवा चालवण्यातून येते.

हवा

आठवड्यातून एकदा, सकाळी, गाडी बाहेर काढण्यापूर्वी. टायर तापले की दाब वाढलेला दिसतो, म्हणून थंड असतानाच मोजायचे. किती भरायची हे मॅन्युअलमध्ये आणि बहुतेक गाड्यांवर चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर दिलेले असते. एकट्याचा आकडा वेगळा, मागे माणूस बसणार असेल तेव्हाचा वेगळा. पंपावरच्या गेजवर विसंबू नका, स्वतःचा ठेवा.

आपल्याकडे पावसाळ्यात टायरची पकड वाढावी म्हणून हवा कमी करणारे पुष्कळ आहेत. ओल्या डांबरावर याने उलटेच होते. टायरच्या खाचांतून पाणी बाहेर फेकले जायला नेमका दाब लागतो. तो नसला की पेट्रोलही जाते आणि ब्रेकिंगही बिघडते. एव्हरेजच्या हव्यासाने जास्त हवा भरणेही तितकेच वाईट. पहिल्या पावसात रस्त्यावर तांबड्या मातीचा राड पसरतो, तिथे दगडासारखा टणक टायर कुठे नेईल सांगता येत नाही.

चेन: इथे वेळ द्या

गोव्यात राहणाऱ्याने सगळ्यात जास्त लक्ष द्यावे ते चेनकडे. जून ते सप्टेंबर पाऊस तिचे वंगण धुऊन नेतो, उरलेले आठ महिने खारी हवा आणि वाळू असते. मोरजी, कोलवा, बाणावलीकडे रोज जाणाऱ्यांच्या चेनवर वाळू वंगणात मिसळून बसते आणि रोलर व स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या चक्राचे) दात कुरतडते. कोरडी, गंजलेली चेन इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोहोचण्याआधीच खाते.

सफाईची पद्धत अशी. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, मागचे चाक पॅडॉक स्टँडवर उचललेले. स्टँड नसेल तर गाडी थोडी थोडी पुढे ढकलत काम करा. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसायला कधीही जाऊ नका. या एका सवयीने बोटे गेली आहेत. मऊ ब्रशला रॉकेल किंवा चेन क्लीनर लावून चारही बाजूंनी घासा. पेट्रोल वापरू नका, चेनच्या आतल्या रबरी रिंगा त्याने खराब होतात. पाण्याचा जोरदार फवाराही चेनवर नको, कारण तो रिंगांच्या आत पाणी ढकलतो आणि आतले ग्रीस बाहेर काढतो. सर्व्हिसिंगला गाडी देताना वॉशिंगवाल्याला हे आवर्जून सांगा. मग कोरड्या फडक्याने पुसा आणि चाक हाताने फिरवत आतल्या बाजूने ल्युब सोडा. दहा-पंधरा मिनिटांनी वरचे जास्तीचे पुसून टाका. ओघळणाऱ्या वंगणावर धूळच बसते.

हे काम रात्री घरी आल्यावर करा. चेन कोमट असते, ल्युब आत मुरते आणि सकाळपर्यंत बसते. साधारण दर 500 किलोमीटरला एकदा, पावसाळ्यात मात्र किलोमीटर मोजत बसू नका. भिजून आलात की पुसा आणि हलका हात द्या. एका रात्रीत तांब, म्हणजे गंज, चढतो.

आता ताण. चेन खालच्या बाजूला मधोमध वर-खाली हलवून पाहा. किती मिलिमीटर हालली पाहिजे ते मॅन्युअलमध्ये असते, गाडीगणिक वेगळे. चाक फिरवून चार-पाच जागी बघा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. जिथे सर्वांत घट्ट असेल तिथे मोजा. "सैल आहे, ताणून द्या" म्हटले की काही गॅरेजांत ती तारेसारखी ताणतात. स्पीडब्रेकरवर मागचे सस्पेन्शन दबले की चेन आणखी ताणते आणि बेअरिंगवर भार येतो. ताणलेली चेन सैल चेनपेक्षा महाग पडते, हे माझे ठाम मत आहे. ताणताना चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना तेही पाहा. चाक तिरके बसले तर टायर आणि चेन दोन्ही घासत जातात.

ब्रेक चिकटला आहे का

हे फारच कमी लोक तपासतात. खाऱ्या हवेत कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना गंजतात आणि लिव्हर सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतात. सपाट जमिनीवर गाडी न्यूट्रलमध्ये घालून एका हाताने ढकला. जड वाटली तर संशय घ्या. दुसरी खूण म्हणजे ब्रेक फारसा न वापरता चार-पाच किलोमीटर चालवून थांबा आणि हाताचा पालथा पंजा डिस्कच्या जवळ न्या, लावू नका. एका चाकाची डिस्क दुसऱ्यापेक्षा बरीच तापली असेल तर ब्रेक अडकतो आहे. पिना साफ करून ब्रेकसाठीचे खास ग्रीस लावणे हे मेकॅनिकचे अर्ध्या तासाचे काम आहे. ते घरी करू नका, ब्रेक म्हणजे जीव.

फिल्टर, प्लग, ऑईल

एअर फिल्टर कधी बदलायचा हे तुमचा रस्ता ठरवतो. डिचोली, सांगे, केपेकडे खनिजाच्या ट्रकांमागून जाणाऱ्याचा फिल्टर तांबडा होतो, पणजीत फिरणाऱ्याचा तितका नाही. तेव्हा मॅन्युअलमधल्या किलोमीटरची वाट न पाहता उघडून बघा. तेल लावलेला कागदी फिल्टर हवा मारून साफ होत नाही, तो बदलावाच लागतो. इंजिन ऑईल सांगितलेल्या ग्रेडचेच आणि दुचाकीचेच हवे. कारचे ऑईल स्वस्त मिळाले म्हणून घालू नका. त्यातले पदार्थ आपल्या ऑईलमध्ये बुडालेल्या क्लचला घसरवू शकतात. क्लच घसरला की इंजिन ओरडते, गाडी जात नाही आणि पेट्रोल जळत राहते. प्लग आणि टॅपेट (व्हॉल्व्हची मोकळीक) वेळेवर तपासून घ्या.

आता हात

गाडी ठीक असेल तर उरलेली सगळी बचत उजव्या मनगटात आहे.

आर15 ची पूर्ण ताकद 10,000 आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला 10,000 फेऱ्यांवर) मिळते, आणि तिचा व्हीव्हीए, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी यंत्रणा, 7,400 च्या आसपास जास्त ताकदीच्या दुसऱ्या कॅमवर जातो. त्या पलीकडचा आवाज कानाला गोड लागतो खरा, पण तो रोज ऑफिसला जाण्यासाठी नाही. त्या 10,000 च्या निम्म्याच्या आसपास गिअर बदलत जा, सपाट रस्त्यावर लवकर वरच्या गिअरला या. मात्र टोकाला जाऊ नका. सहाव्यात चाळीसने रेटत फर्मागुडीचा चढ काढायला गेलात की इंजिन धडधडते आणि तुम्ही नकळत थ्रॉटल पूर्ण पिळता. एक गिअर खाली घ्या, हात कमी द्या.

वेगाचा हिशोब निर्दय आहे. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. 60 वरून 80 ला गेलात तर तो जवळपास 1.8 पट होतो. वेर्णा ते मडगाव हायवेवर 80 ऐवजी 60 ने जाऊन किती मिनिटे उशीर होतो ते एकदा घड्याळ लावून बघाच. हायवेवर अंग थोडे पुढे झुकवा, जॅकेटची चेन लावा, पाठीवरची फुगलेली बॅग नीट आवळा. फेअरिंग काम करते ते माणूस तिच्या आडोशाला बसला तरच.

आणि ब्रेक. पेट्रोल जाळून मिळवलेला वेग ब्रेक दाबताच उष्णता होऊन उडून जातो. आपले रस्ते वळणांचे, गावागावांत स्पीडब्रेकर, वळणापलीकडे गुरे बसलेली. भोमसारख्या अरुंद जागी समोर बस दिसत असताना तिच्यापर्यंत पिळत जाऊन मग करकचून दाबण्यात काय हशील? पुढचे दिसताच थ्रॉटल सोडा आणि गिअरमध्येच गाडीला वाहू द्या. बऱ्याचदा पाय ब्रेकवर जायची वेळच येत नाही. माझ्या मते शहरात चालवणाऱ्याची सर्वांत मोठी बचत याच एका गोष्टीत आहे.

उतारावर न्यूट्रल करणारे अनमोड आणि चोर्ला घाटात नेहमी दिसतात. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला यात फायदा नाही, तोटाच आहे. गिअरमध्ये असताना थ्रॉटल पूर्ण सोडला आणि आरपीएम पुरेसे असले की इंजेक्टर पेट्रोल सोडणे थांबवतो. चाकच इंजिनाला फिरवत असते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते पेट्रोल जातच राहते, शिवाय इंजिनाचा आधार सुटल्याने सगळा भार ब्रेकवर येतो. पावसात घाटात हे करणे जिवावरचे आहे.

क्लच अर्धवट धरून चढावर गाडी रोखू नका, ब्रेकवर धरा. मेरशीच्या सिग्नलला अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचे असेल, किंवा चोडणच्या फेरीबोटीसाठी रांगेत असाल, तर इंजिन बंद करा. सकाळी मात्र गाडी सुरू करून पाच मिनिटे अंगणात गुरगुरत ठेवू नका. आपल्याकडच्या हवेत अर्धा मिनिट पुरते, मग पहिले दोन किलोमीटर हळू चालवा. थंड इंजिन जास्त पेट्रोल मागते, म्हणून किलोमीटरभराच्या चार फेऱ्या मारण्याऐवजी बाजार, बँक आणि पंचायत एकाच फेरीत उरका.

जे करू नये

कंपनीने दिला त्याहून रुंद मागचा टायर बसवू नका. दिसतो दणकट, पण जड असतो आणि घर्षण वाढवतो. आवाज करणारा सायलेन्सर कायद्यातही बसत नाही आणि इंजेक्शनचे गणितही बिघडवतो. पुढचे स्प्रॉकेट एका दाताने मोठे करण्याचा सल्ला मिळेल. सपाट मुलखात त्याचा थोडा उपयोग होईल, पण आपल्या चढउतारांवर तुम्ही सतत खालचा गिअर शोधत राहाल. पेट्रोलच्या नळीला लावायचे लोहचुंबक आणि टाकीत टाकायच्या गोळ्या यांवर पैसे घालवू नका. मॅन्युअलमध्ये मागितले नसेल तर महागड्या हाय ऑक्टेन पेट्रोलनेही एव्हरेज वाढत नाही.

मग गॅरेजला कधी

वरचे सगळे करून आणखी तीन टाक्या मोजा. रोज 50 किलोमीटर आणि महिन्याचे 25 दिवस धरले तर 38 चे 44 झाल्यावर महिन्याला साधारण साडेचार लिटर वाचतात. आकडा हललाच नाही तर मेकॅनिकला नुसते "एव्हरेज नाही" सांगू नका. नोंदी दाखवा आणि नेमके विचारा: इंजिनाचा दिवा लागला होता का, ऑक्सिजन सेन्सर आणि तापमानाचा सेन्सर स्कॅनरवर बरोबर दिसतात का, थर्मोस्टॅट (कूलंट अडवणारी झडप) उघडा राहून इंजिन थंडच चालते आहे का, क्लचच्या लिव्हरला मोकळीक आहे का, व्हील बेअरिंग आवाज करते का. गाडीभोवती पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र टाक्या मोजत बसू नका. त्याच दिवशी दाखवा, आणि दाखवेपर्यंत ती घरात, देवघराच्या दिव्याजवळ किंवा स्वयंपाकघराला लागून लावू नका.